आईची पाचशेची नोट आणि दाराला नसलेली फट

मागच्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा माझ्याकडे स्वीडनला, स्टॉकहोममध्ये आली तेव्हाची गोष्ट. मी तिला एका स्टेशनबाहेर बाकावर बसवून समोरच्या दुकानात पाच मिनिटांसाठी गेले आणि लगेच तिचा फोन, "अगं, इथे बाथरूमच्या दाराला पैसे टाकायची फटच नाहीये!" मी धावत आले तर आई दारासमोर उभी, हातात पाचशे क्रोनरची कडक नोट. दारावर फक्त कार्ड टेकवायची काळी चौकोनी पट्टी. दहा क्रोनर. मी कार्ड टेकवलं, दार उघडलं, आई आत जाता जाता म्हणाली, "म्हणजे मी कुठे जाऊन आले ते पण आता बँकेला कळणार का?"

मी हसले तेव्हा. पण खरंच, महिनाअखेरीस स्टेटमेंटमध्ये ती ओळ होती. तारीख, ठिकाण, दहा क्रोनर.

ती पाचशेची नोट तिने पुण्याहून फॉरेक्सवाल्याकडून आणलेली, अशा सहा नोटा, रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात. नोटेवर बिर्गित निल्सन म्हणून त्यांची मोठी ऑपेरा गायिका आहे. आईला वाटलं राणी असेल. तीन आठवड्यांत त्या सहापैकी एकच नोट खपली, ती पण एका इराणी माणसाच्या भाजीच्या दुकानात, आणि त्याने ती उजेडाकडे धरून इतका वेळ बघितली की आईला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. बेकरीत, म्युझियममध्ये, बसमध्ये सगळीकडे तीच पाटी, आम्ही रोख घेत नाही. आणि हे कायदेशीर आहे बरं का. नोट चलन म्हणून वैध आहे, पण दुकानदाराने आधी पाटी लावली की तो घ्यायला बांधील नाही.

गंमत म्हणजे युरोपातली पहिली कागदी नोट याच शहरात छापली गेली, १६६१ मध्ये. मग त्या बँकेने भरमसाट नोटा छापल्या, ती बुडाली आणि १६६८ मध्ये रिक्सबँक आली, म्हणजे इथली रिझर्व्ह बँक. त्याच रिक्सबँकेच्या सर्व्हेत २०१० साली ३९ टक्के लोक म्हणाले होते की शेवटची खरेदी आम्ही रोखीने केली, २०१८ मध्ये ते १३ टक्क्यांवर आलं. हे कुणी हुकूम काढून केलं नाही, हेच मला सुरुवातीला कळायचं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सहा मोठ्या बँकांनी मिळून स्विश नावाचं ॲप काढलं, मोबाईल नंबरवर पैसे पाठवायचे, आपल्या यूपीआयच्या साधारण चार वर्षं आधी. ते इतकं रुळलं की त्याचं क्रियापदच झालं, "कान यॉग स्विशा?" म्हणजे स्विश केलं तर चालेल का. रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथे आठ वर्षांची पोरं खेळणी विकतात आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने आईचा स्विश नंबर लिहिलेला असतो. बेघर लोक विकतात ते मासिकसुद्धा २०१३ पासून कार्डवर घेता येतं. अॅबा बँडमधला ब्यॉर्न उल्व्हेउस, त्याच्या मुलाच्या घरी चोरी झाली तेव्हापासून तो रोख बंद करा म्हणत होता आणि अॅबाचं म्युझियम २०१३ मध्ये उघडलं ते बिनरोखीचंच.

आता हे सगळं भारी आहे, पण कधी, तर तुमच्याकडे पर्सोननुमेर असेल तेव्हा. म्हणजे आपल्या आधारसारखा इथला बारा आकडी नंबर, पहिले आठ आकडे म्हणजे तुमची जन्मतारीख. तो मिळाला की मग बँक खातं, मग बँकआयडी म्हणजे फोनवरचं ओळखपत्र, मग स्विश. मी आले तेव्हा नंबर यायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने मी या देशात जवळजवळ नव्हतेच. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाची वर्गणी काढली की सगळे फोन काढायचे आणि मी पाकीट काढायचे आणि सगळे माझ्याकडे प्रेमाने बघायचे, गावाकडून आलेल्या आजीकडे बघतात तसं.

त्याच काळात भारतात परत जाणाऱ्या एका मैत्रिणीचं सामान मी विकून दिलं, सोफा, सायकल, मिक्सर, त्याचे सहा हजार क्रोनर रोख माझ्याकडे जमले. माझं खातं उघडल्यावर ते भरायला बँकेच्या शाखेत गेले तर काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, या शाखेत आम्ही रोख हाताळत नाही. बँकेत! शेवटी भर थंडीत एका मॉलमधल्या मशीनमध्ये एकेक नोट सरळ करून भरली, आणि आठवड्याने बँकेकडून मेसेज, हे पैसे कुठून आले, कुणाकडून, कशाबद्दल, पुरावा आहे का. मनी लाँडरिंगच्या कायद्याने बँकांना विचारावंच लागतं हे मान्य, पण मिक्सरचा पुरावा मी काय देणार?

आपल्याकडच्या नोटबंदीशी याची तुलना होतेच. स्वीडननेही त्याच सुमारास जुन्या नोटा रद्द केल्या, नवीन नोटा ऑक्टोबर २०१५ पासून यायला लागल्या, जुन्या वीस, पन्नास आणि हजारच्या ३० जून २०१६ पर्यंत चालल्या, जुन्या शंभर-पाचशेच्या त्यापुढे आणखी एक वर्ष. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला भाषण आणि बाराला खेळ खलास. त्या रात्री आईने तांदळाच्या डब्यातून, जुन्या स्वेटरच्या घडीतून आणि देवघराच्या खणातून मिळून साडेतेवीस हजार काढले होते. बाबा तीन दिवस काही बोलले नाहीत, चौथ्या दिवशी म्हणाले, "मी इतकी वर्षं उगाच स्वतःला गरीब समजत होतो." घरात सगळे हसलो, पण आई नाही हसली. त्या पैशांतून तिने माझी क्लासची फी भरली होती, मावशीच्या ऑपरेशनला दिले होते, एकदा स्वतःसाठी एक साडी घेतली होती, यातलं काहीही कुणाला न विचारता. त्या रात्रीपासून तिला प्रत्येक नोटेचा हिशेब सांगावा लागला. यात काळा पैसा कुठला?

इथल्या लोकांना सरकारची भीती वाटत नाही, हे मला अजून पचत नाही. इथे कुणाचाही पगार विचारता येतो. टॅक्स ऑफिसला फोन करा, शेजाऱ्याचं नाव सांगा, त्याने दाखवलेलं उत्पन्न ते सांगतात, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. इथल्या लोकांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर माझं नाव टाकलं तर माझा पत्ता, वाढदिवस, घरात अजून कोण राहतं, सगळं दिसतं. कागदपत्रं उघडी ठेवायचा कायदा १७६६ चा आहे, त्यामुळे हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. तरी २००८ मध्ये देशाबाहेर जाणाऱ्या केबल्समधलं बोलणं सरकारी यंत्रणेला ऐकू द्यायचा कायदा आला तेव्हा मात्र लोक भडकले होते, आणि २०२१ मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टानेही त्यात त्रुटी काढल्या. म्हणजे बोलणं ऐकलेलं चालत नाही. मग मी कुठे, कधी, कितीला काय खाल्लं हे बँकेकडे आपसूक जमा होतं त्याचं काय? माझी कलीग म्हणाली, "पण मी काही चुकीचं करतच नाही." मी म्हटलं, माझी आई पण करत नव्हती.

विरोध करणारे आहेत. त्यांचा म्होरक्या कोण, तर ब्यॉर्न एरिक्सन, माजी पोलीसप्रमुख आणि इंटरपोलचा माजी अध्यक्ष! पोलिसातला माणूस रोखीसाठी भांडतो, कारण म्हाताऱ्यांचे हाल होतात आणि सिस्टीम बंद पडली तर काय. ती पडलीच. जुलै २०२१ मध्ये सॉफ्टवेअरवर सायबर हल्ला झाला आणि कूप या सुपरमार्केटची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, का तर गल्ले उघडेनात. माल आत, गिऱ्हाईक बाहेर.

आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनेच घरोघरी पुस्तिका पाठवली, युद्ध किंवा संकट आलं तर काय करायचं. पाणी साठवा, बॅटरीवरचा रेडिओ ठेवा, आणि साधारण आठवडाभर पुरेल इतकी रोकड घरात असू द्या, वेगवेगळ्या किमतीच्या नोटांमध्ये. मी ते पान आईला वाचून दाखवलं. ती नुसती "हं" म्हणाली. इतक्या समाधानाचं "हं" मी तिच्या तोंडून फार कमी वेळा ऐकलंय.

आई परत गेल्यावर एक दिवस मी मुद्दाम एटीएम शोधायला निघाले. दोन स्टेशनं पलीकडे एक सापडलं. दोन हजार क्रोनर काढले, घरी येऊन आईच्या उरलेल्या पाच नोटांबरोबर झिपच्या पिशवीत घातले आणि आंबेमोहोरच्या डब्यात तळाशी खुपसले. हात धुतले, चहा ठेवला. नवरा आतल्या खोलीतून मीटिंग चालू असतानाच ओरडला, "अगं, आत्ता दोन हजार कशाला काढलेस?" आमचं जॉइंट खातं, त्याच्या फोनवर मेसेज गेला होता.

रात्री आईला सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, "असं नसतं गं ठेवायचं. भाजीतून वाचवायचे असतात."

इथे भाजी पण कार्डवरच घेते मी.