न वितळणारा फेल्डस्पार

मोरबीत टाइल्सच्या कारखान्यात लॅब सांभाळतो. आलेल्या प्रत्येक गाडीतल्या फेल्डस्पारची, म्हणजे भट्टीत वितळून टाइलची माती जुळवणाऱ्या खनिजाची, बटन टेस्ट होते: भुकटी साच्यात दाबून गोळी करायची आणि भट्टीत बाराशे अंशांना भाजायची. पोटॅश फेल्डस्पार असला की गोळी वितळून काचेसारखी चकचकीत होते.

त्या दिवशी गोळी जशी घातली तशीच बाहेर आली. पांढरीफेक, कोरडी. नख लावलं तर कडा भुरभुरली. भट्टी बिघडली म्हणावं, तर शेजारची नेहमीच्या मालाची गोळी मस्त वितळलेली!

मग मूळ दगडच हातात घेतला. पांढरा, मधे काळे हॉर्नब्लेंडचे दाणे. भिंगाखाली पाटनावर, म्हणजे खनिज सपाट फुटतं त्या पृष्ठावर, समांतर बारीक रेघा दिसल्या. पोटॅश फेल्डस्पारला त्या नसतात, म्हणजे हा प्लॅजिओक्लेज, सोड्याच्या आणि कॅल्शियमच्या फेल्डस्पारचं घराणं. पण सोड्याचा असता तर अकराशेच्या वर वितळायलाच हवा होता. भुकटीवर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम केलं, तर थोड्या वेळाने काचकांडीला जेलीसारखं काहीतरी चिकटायला लागलं. सोड्याचा किंवा पोटॅशचा फेल्डस्पार आम्लाला दाद देत नाही. कॅल्शियमचा विरघळतो आणि सिलिका जेल होऊन उरते. तिथेच मी मनाशी नाव घेतलं: अनॉर्थाइट, म्हणजे कॅल्शियमचा फेल्डस्पार, निदान त्याच्या अगदी जवळचा. एक्सआरएफमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या रासायनिक तपासणीत, चुना (कॅल्शियम ऑक्साइड) सतरा टक्क्यांच्या आसपास, पोटॅश नावालाच. शुद्ध अनॉर्थाइटात चुना 20 टक्के असतो आणि तो वितळतो थेट 1550 अंशांना. आमची भट्टी त्याला काय वितळवणार!

व्यापाऱ्याला फोन लावला. माल सेलमच्या बाजूचा, म्हणाला. त्या भागात नामक्कल जिल्ह्यात सित्तमपुंडी आहे, तिथला अनॉर्थोसाइट, म्हणजे जवळजवळ सगळा प्लॅजिओक्लेजचाच खडक, असाच कॅल्शियमने भरलेला. चंद्रावरचे उजळ डोंगराळ प्रदेशही याच जातीच्या खडकाचे, म्हणून चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोने सित्तमपुंडीचाच खडक दळून नकली चांद्रमाती बनवली होती. आमच्या ढिगातला दगड नेमका तिथलाच होता की नाही, हे काही मी छातीठोक सांगणार नाही. पण कुळी तीच.

हे सगळं मी शेठना जरा रंगवूनच सांगितलं. त्यांनी रिपोर्टवरचा पोटॅशचा आकडा तेवढा पाहिला.

"चंद्रावरचा असो नाहीतर मंगळावरचा, आपल्याला काय त्याचं? गाडी परत पाठवा. आणि भाडं त्याच्याच नावावर टाका."