पेडर रोडच्या आधीचे सहा दिवस

सोमवार

काल भांडुप ते मुलुंड चेकनाका आणि परत, असे १२ किलोमीटर सावकाश झाले. येत्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनच्या, म्हणजे ४२.२ किलोमीटरच्या शर्यतीच्या, आधीचा हा शेवटचा लांब म्हणावा असा रन. अठरा आठवड्यांच्या वेळापत्रकातला सगळ्यात मोठा रन ३२ किलोमीटरचा होता, तो तीन आठवड्यांपूर्वीच पार पडला. तेव्हापासून टेपर, म्हणजे शर्यतीआधी पळणं हळूहळू कमी करत नेणं, चालू आहे. आठवड्याला ५५ किलोमीटर पळत होते ते आधी ४० वर आणलं, मग ३० वर. या आठवड्यात शर्यत सोडून फक्त १० किलोमीटर आहेत, दोन तुकड्यांत.

टेपरचा त्रास ज्यांना झालाय त्यांना हे लगेच कळेल. आज ऑफिसचा जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ आली. संध्याकाळी दुखणं उजव्या पोटरीत आलं होतं. रात्री घसा खवखवायला लागला. गेल्या वर्षी मी याच दिवशी घाबरून १५ किलोमीटर पळून आले होते, पाय शाबूत आहेत ना हे बघायला. शर्यतीच्या सहा दिवस आधी १५! यंदा फक्त एका पायावर दहा उड्या मारल्या, मग दुसऱ्या पायावर दहा. दुखलं नाही. दिवसभरात तीन जागा बदलणारं दुखणं दुखापतीचं नसतं, हे मी स्वतःला मोठ्याने बजावलं. घशासाठी गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि लोकलमध्ये मास्क लावायचं ठरवलं.

मंगळवार, भोगी

सकाळी ६ किलोमीटर. त्यातले मधले तीन शर्यतीच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ५० सेकंद (६:५०) या वेगाने. टेपरमध्ये अंतर कमी करायचं असतं, वेग पूर्ण सोडायचा नसतो, नाहीतर पाय जड होतात. तीनपैकी पहिला किलोमीटर ६:३१ चा गेला. मला तर ६:५० चाच वाटत होता. माझं खरं भय इथे आहे.

गेल्या वर्षीचा हिशोब परत काढून बसले. पहिले १० किलोमीटर ६:२० च्या पेसने. मरीन ड्राइव्हवर अंधार, गार वारा, आजूबाजूला हजारो माणसं, आणि पायांत टेपरने साठवलेली सगळी ताकद. जोर लावतेय असं वाटतच नव्हतं. अर्धं अंतर २ तास २० मिनिटांत झालं, उरलेल्या अर्ध्याला २ तास ५२ मिनिटं लागली. एकूण ५:१२. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. तिथे दोन्ही मांड्यांत गोळे आले आणि मी दुभाजकाला धरून उभी राहिले. तो दुभाजक अजून स्वप्नात येतो.

दुपारी भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी मनसोक्त खाल्ली. शुक्रवारपासून इतका चोथा पोटाला चालणार नाही.

बुधवार, संक्रांत

आज जे केलं ते खरं तर महिनाभर आधी करायला हवं होतं.

ऑफिस फोर्टमध्ये आहे. साडेपाचला निघून बसने हाजीअली गाठलं आणि तिथून पेडर रोडने चौपाटीपर्यंत चालत आले. पळण्याचे कपडे नाहीत, घड्याळावर जीपीएस नाही, खांद्याला डब्याची पिशवी. पाटीवर नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, पण ते कोणाच्या तोंडी नाही. सिग्नलपासून चढ सुरू होतो. वर्षभर माझ्या डोक्यात त्याचा डोंगर झाला होता. प्रत्यक्षात तो उभा नाहीच, लांबट आहे. पस्तीस किलोमीटर अंगात असताना लांबटपणाच जीव काढतो, हे खरं. पण साध्या चालीने अकरा मिनिटांत मी माथ्यावर होते. अकरा मिनिटं! तेवढा वेळ मी भांडुप स्टेशनला रिक्षाच्या रांगेत रोज उभी असते.

तो दुभाजकही सापडला. नेमका तोच होता की नाही हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण वळण तेच होतं. पाचेक मिनिटं तिथे उभी राहिले. बाजूने गाड्या जात होत्या, एक आजोबा तिळगुळाचा डबा घेऊन चालले होते. गेल्या वर्षी इथे उभी असताना वाटलं होतं, आता संपलं. आज दिसलं की तिथून माथा हाकेच्या अंतरावर आहे आणि पुढे केम्प्स कॉर्नरपासून थेट चौपाटीपर्यंत उतार आहे. मग मरीन ड्राइव्ह, मग चर्चगेटवरून आत.

तिथेच उभ्या उभ्या ठरवलं की चढावर घड्याळ बघायचंच नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं, पुढचा टप्पा झपझप चालायचं, माथ्यापर्यंत असंच. ६:५० ने सगळं अंतर गेलं तर ४ तास ४८ मिनिटं होतात आणि माझं लक्ष्य ४ तास ५० मिनिटांचं (४:५०) आहे. म्हणजे चढावर दीड मिनिट जास्त गेलं तरी परवडतं. पण त्यासाठी पहिल्या १० किलोमीटरना ६८ मिनिटं लागलीच पाहिजेत, एकही मिनिट कमी नाही. म्हणून ४:५० च्या 'पेस बस'बरोबर, म्हणजे ठरलेल्या वेगाने नेणाऱ्या पेसरच्या घोळक्यात, त्याच्या मागे राहायचं. पुढे नाही.

घरी आले तर हळदीकुंकू संपत आलं होतं. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, मी गिरगावातली. लहानपणी त्या चढावरून महालक्ष्मीला चालत जायचो आम्ही नवरात्रात, अनवाणी." मग जरा वेळाने, "विल्सन कॉलेजपाशी उभी राहते मी. काय आणू?" मीठ लावलेलं संत्रं आणा म्हटलं. लांब रन्सना ते खाऊन बघितलंय, पोटाला चालतं.

गुळाची पोळी एकच खाल्ली. अंथरुणाला पाठ टेकली तशी झोप लागली.

गुरुवार

बीकेसीला मॅरेथॉनच्या एक्स्पोत (शर्यतीआधीचं प्रदर्शन) जाऊन बिब, म्हणजे टी-शर्टला लावायचा नंबर, घेतला. शनिवारी जाणार असाल तर शक्य असेल तर टाळा. रांगा, स्टॉल, फोटो यांत दोन-तीन तास पायांवर जातात. मी आज गेले तरी पोटऱ्या भरून आल्या. बूट, मोजे, पळताना ताकदीसाठी घ्यायची जेल, कशाला हात लावला नाही. बूट जुनेच, २८० किलोमीटर पळालेले.

बिब हातात आला आणि छातीत धडधडायला लागलं. २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाणं, भाषण किंवा गणिताच्या आधी ज्यांनी 'मी शांत आहे' असं म्हणण्याऐवजी 'मला उत्साह वाटतोय' असं म्हटलं, त्यांची कामगिरी सरस ठरली. भीती आणि उत्साह, दोन्हींत शरीर सारखंच पेटलेलं असतं. त्याला एकदम थंड करण्यापेक्षा त्या आगीचं नाव बदलणं सोपं जातं. मला हे पटायला जड गेलं नाही, कारण आपल्याकडे परीक्षेच्या आधीही धडधडतं आणि कोणी खूप दिवसांनी भेटणार असेल तरीही धडधडतंच. बीकेसीतून कुर्ल्याला येताना रिक्षात तीनदा म्हटलं, मी उत्सुक आहे. तिसऱ्यांदा ते खरं वाटलं.

शुक्रवार

आजपासून दोन दिवस पोट भरणं हेच काम. वजन ५८ किलो. किलोमागे ८ ग्रॅम कर्बोदकं धरली तर दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या वर जातात. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण एक मोठी वाटी भात म्हणजे जेमतेम ४० ग्रॅम. म्हणून दिवसभर थोडं थोडं: पोहे, केळी, दूधभात, उकडलेला बटाटा, गूळ घातलेला शिरा, संध्याकाळी इडल्या. डाळ पातळ, भाजी नावाला, तेलतूप कमी. वजनकाट्यावर किलोभर वाढ दिसली तर घाबरू नका. एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, स्नायूंत साठताना सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ते पाणी रविवारी कामालाच येणार आहे.

पाण्यावरून एक गोष्ट, कारण ग्रुपमधला पहिल्यांदाच धावणारा एक मुलगा विचारत होता, "ताई, वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर प्यायचं ना?" गेल्या वर्षी मी तसंच केलं होतं आणि तिसाव्या किलोमीटरला पोट डचमळत होतं, बोटांतली अंगठी रुतली होती. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी, म्हणजे हायपोनेट्रेमिया, आढळला होता. शर्यतीदरम्यान ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका जास्त होता. तहान लागेल तसं प्यायचं, घोट घोट, आणि मुंबईच्या दमटपणात मीठ विसरायचं नाही. मी साडेसातनंतर, ऊन अंगावर यायला लागलं की, ओआरएसवर जाणार.

सकाळी ४ किलोमीटर पळाले. शेवटी शंभर-शंभर मीटरचे चार स्ट्राइड्स, म्हणजे वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा, घेतले. पाय हलके लागले. गुडघ्याची आठवण रात्री जेवताना झाली, दिवसभर तो दुखलाच नव्हता.

शनिवार

दुपारी पाय उशीवर ठेवून पडून राहिले. चार वाजता सगळं पलंगावर मांडलं: टी-शर्टला चार पिनांनी लावलेला बिब, बूट, मोजे, टोपी, पाच जेल, मिठाच्या दोन पुड्या, व्हॅसलीन, फेकून देता येईल असा जुना स्वेटर, लोकलचा पास, पन्नासच्या दोन नोटा. हातावर पेनने फक्त एक आकडा लिहिला, ६८. पहिल्या दहाचा.

रात्रीचं जेवण साडेसहाला, वरणभात आणि बटाटा. आज झोप लागेल असं वाटत नाही आणि त्याची काळजीही नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिन्ही रात्री सात तासांच्या वर झोपले आहे, ती शिल्लक पुरेल. डोळे मिटून पडायचं, श्वास सोडताना आत घेण्यापेक्षा लांब सोडायचा.

सुरुवात पहाटे पाचला सीएसएमटीहून. अलार्म सव्वादोनचा. दुसरा सासूबाईंच्या फोनवर, अडीचचा. संत्री त्यांनी आत्ताच सोलून, मीठ लावून डब्यात भरली, फ्रिजमध्ये ठेवली आणि झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं: विल्सन, डावी बाजू.