मॅच मारल्यानंतरचे जेवण

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळा भरात येईपर्यंत चालतो. या काळात दुपारी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जागा मिळवणे अवघड असते, पेठापेठांतून संघांचे झेंडे लागतात आणि माझ्या हजेरीपटावरची काही नावे वर्गात दिसेनाशी होतात. मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. ही मुले एकाच वर्षात दोन संघांकडून खेळतात. महाविद्यालयाकडून ती शिवाजी विद्यापीठाच्या झोनल आणि इंटरझोनल स्पर्धा खेळतात, तर आपल्या पेठेतल्या तालीम मंडळाकडून के.एस.ए.ची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि त्यानंतरच्या चषक स्पर्धा. पहिल्या संघाकडून त्यांना ट्रॅकसूट, प्रवासभत्ता आणि प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्याकडून सगळी पेठ मिळते. भर हंगामात ही मुले दारू आणि तंबाखूच्या नादी कशी लागतात, यावर लिहायचे मी दोन-तीन वर्षे टाळले, कारण लिहायला बसलो की ते माझ्याच ओळखीच्या, मला घरच्यासारख्या असलेल्या माणसांविषयी होणार हे ठाऊक होते.

पालक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची तक्रार ठरलेली असते, की कॉलेजात गेला, मित्र वाईट मिळाले आणि मुलगा बिघडला. इतर मुलांच्या बाबतीत ते खरेही असेल. खेळाडू मुलांना मात्र पहिला ग्लास बहुधा वयाने मोठ्या, मानाच्या माणसाच्या हातून मिळतो, असे मी पाहत आलो आहे. मॅच मारली की जेवण ठरते. शहराबाहेर कुणाच्या तरी मळ्यात किंवा कुणाच्या बांधकाम चाललेल्या इमारतीच्या गच्चीवर चूल मांडली जाते, तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से होतात, आणि रस्सा उकळत असताना एका गाडीची डिकी उघडते. दोन गोल करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा सतरंजीच्या मधोमध बसवलेला असतो. ज्यांच्या समोर तो एरवी मान वर करून बोलत नाही असे काका स्टीलच्या ग्लासात ओततात, वर पाणी घालतात आणि म्हणतात, "घे रे, आज तुझाच दिवस हाय. उद्या काय मॅच न्हाई." त्या ग्लासाला नाही म्हणणे म्हणजे काकांना नाही म्हणणे, आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून घेऊन दिलेले बूट तर त्याच्या पायात असतात. महाराष्ट्रात दारूसाठी कायद्याने पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात, सौम्य बिअरसाठी एकवीस. सतरंजीवर मधोमध बसलेल्या त्या मुलाला दुकानात कुणी बाटली द्यायला नको, म्हणून ती आणणारा चाळिशीचा असतो, एवढाच त्या कायद्याचा परिणाम मला दिसला आहे.

आमच्या बहुतेक संघांच्या नावांत 'तालीम' हा शब्द आहे आणि तो शोभेसाठी आलेला नाही. हे संघ कुस्तीच्या तालमींतून उभे राहिले. तालमीतला पैलवान पहाटे उठायचा, जोर-बैठका मारायचा, थंडाई आणि दूध प्यायचा आणि सुपारीचेही नाव काढायचा नाही, असे आम्हाला लहानपणी सांगितले जाई. त्यात थोडी भर घातलेली असणार हे आता कळते, तरीही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याने पिणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्याच शहरात त्याच तालमीचा शर्ट घालणारा आमचा मुलगा सकाळी सहाच्या सरावाला तोंडात दोन वेलदोडे टाकून येतो, आणि त्या वेलदोड्यांचा वास इतका दाट असतो की त्यांच्यामागे काय आहे हे विचारावे लागत नाही.

मी हे वरून सांगत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना मी डाव्या बाजूचा बॅक होतो. एका चषक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी आम्ही शनिवारी टायब्रेकरवर मारली आणि उपांत्य सामना सोमवारी होता. शनिवारी रात्री जेवण झाले. मी किती घेतली हे आठवत नाही, रात्री दोन वाजता कुणीतरी मला मोटारसायकलवर मध्ये बसवून घरी सोडले एवढे आठवते. रविवारचा दिवस झोपेतच गेला. सोमवारी एप्रिलचे ऊन होते. दुसऱ्या हाफमध्ये साठाव्या मिनिटाच्या सुमारास आधी उजव्या आणि मग डाव्या पोटरीत गोळा आला, मी टचलाइनजवळ बसलो, उठलो, आणि पुढच्याच चढाईत त्यांचा विंगर माझ्या बाजूने असा निघून गेला की जणू तिथे कुणी उभेच नव्हते. त्या क्रॉसवर गोल झाला. गोळे शनिवारच्या दारूनेच आले असे मी शपथेवर सांगणार नाही. ऊन होते, दोन दिवसांत दुसरा सामना होता, पाणीही कमी प्यालो होतो. पण सामन्याआधीचे अठ्ठेचाळीस तास मी शरीराला सावरू दिले नव्हते, हे खरे. गंमत अशी की त्या संध्याकाळी मला सगळ्यांत जास्त शिव्या ज्यांनी घातल्या, त्यांनीच शनिवारी ग्लास भरले होते.

"उद्या मॅच नाही" या वाक्यावर सगळी मदार असते, म्हणून ते वाक्य जरा तपासून पाहावे लागते. यकृत दारूचा निचरा आपल्या गतीने करते. ही गती तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल इतकी असते, आणि लिंबूपाण्याने, आंघोळीने किंवा पळून घाम काढल्याने ती वाढत नाही. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीच्या बाटलीत, साधारण साठ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे दीड क्वार्टर घेऊन रात्री एकला झोपलेला मुलगा सकाळी सहाला मैदानावर येतो तेव्हा त्याच्या अंगातली दारू अजून पुरती उतरलेली नसते. शिवाय दारूने लघवी वाढते, अंगातले पाणी जाते आणि झोप लागल्यासारखी वाटली तरी ती तुटक असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली आठ तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कठोर व्यायामानंतर वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिल्यावर, सोबत पुरेशी प्रथिने देऊनही स्नायूंमध्ये नवी प्रथिने तयार होण्याचे प्रमाण नुसती प्रथिने घेतली असता होते त्यापेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाले, आणि प्रथिनांऐवजी पिष्टमय पदार्थ दिले तेव्हा ३७ टक्क्यांनी. आमच्या पासष्ट किलोच्या मुलासाठी हा हिशेब दीड क्वार्टरच्या थोडा वर जातो. मळ्यातल्या जेवणात ही मात्रा कुणाला जास्त वाटत नाही. मटण खाल्ले की ताकद भरून येते, हे तिथले दुसरे लाडके वाक्य. मटण खाल्ले जाते हे खरे, पण ते दारूसोबत पोटात जाते आणि पिणाऱ्याचे भाताकडे लक्ष नसते, तेव्हा पायांतली संपलेली साखर भरून यायची कशी?

तंबाखूची गोष्ट वेगळी आहे, कारण तिची कुणाला लाजच नाही. दारू पिऊन आलेला मुलगा माझी नजर चुकवतो. मावा चघळत आलेला मुलगा बाजूला जाऊन थुंकतो, चूळ भरतो आणि रांगेत उभा राहतो. मावा म्हणजे धूर नाही, म्हणून दमावर परिणाम नाही, असे त्याचे शास्त्र असते. निकोटिन गालातूनही रक्तात जाते आणि नाडी वाढवते, हे मी नाडी मोजून दाखवले तेव्हा एकाने शांतपणे विचारले, "मग ते वॉर्मअपच झालं की, सर?" यावर माझ्याकडे तत्काळ उत्तर नव्हते. सिगारेटचे तरी समजावता येते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात. दुपारच्या सामन्याआधी टपरीवर ओढलेली सिगारेट खेळाडूसोबत मैदानात उतरते आणि शेवटच्या मिनिटापर्यंत तिथे असते. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या फाटकापासून टपरीपर्यंतचे अंतर मी एकदा पावलांनी मोजले होते. ते किती भरले हे सांगत नाही.

मुलांकडे वकील तयार असतात. त्यातला पहिला सॉक्रेटिस. ब्राझीलचा कर्णधार होता, वर डॉक्टर होता, तरी सिगारेट ओढायचा. हे खरे आहे, आणि तो २०११ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी गेला हेही खरे आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला सत्तावन्न म्हणजे म्हातारपणच वाटते. नेदरलँड्सचा फुटबॉलपटू योहान क्रायफ, त्याचे उदाहरण जास्त लागू पडते, कारण त्याने स्वतःच साक्ष फिरवली. खेळताना आणि पुढे प्रशिक्षक असतानाही तो ओढत असे. १९९१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने सिगारेट सोडली आणि कॅटलोनियाच्या आरोग्य खात्याच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत काम केले. लांब कोट घालून तो सिगारेटचे पाकीट पायावर खेळवतो आणि शेवटी लाथेने उडवून देतो. मुलांना ती जाहिरात फोनवर दाखवली की ती दोनदा पाहतात. त्यानंतर ती पाकिटाला तशी लाथ मारून पाहतात, आणि पाकीट कुठून आले हे मी विचारत नाही. क्रायफ २०१६ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला.

नोकरीच्या सुरुवातीला मी नियम केला होता, की सरावाला वास आला तर संघाबाहेर. दोघांना काढले. त्यांची दारू सुटली नाही, माझा सराव तेवढा सुटला, आणि ते पूर्णवेळ तालमीकडून खेळू लागले. त्यांतल्या एकाचा डावा पाय असा होता की विद्यापीठाच्या संघातून तो वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला सहज गेला असता, आणि तो निर्णय आजही मला बोचतो. आता मी कुणाला काढत नाही. महिन्यातून एकदा बारा मिनिटांची धाव घेतो, कूपर टेस्ट म्हणतात तीच, आणि प्रत्येकाचे अंतर एका वहीत लिहून त्याच्यासमोर धरतो. गेल्या हंगामात आमचा मधल्या फळीतला सर्वांत चांगला मुलगा ऑक्टोबरच्या मानाने फेब्रुवारीत दीड फेरी कमी पळाला. त्याने वही बराच वेळ पाहिली, पान उलटून मागचा महिना पाहिला आणि विचारले, "सर, घड्याळ बरोबर होतं न्हवं?" घड्याळ बरोबर होते. त्यानंतरच्या दोन जेवणांत त्याने पोट बिघडल्याचे कारण सांगून ग्लास परतवला, असे त्यानेच मला सांगितले. पिण्यासाठी कारण लागत नव्हते, न पिण्यासाठी मात्र त्याला आजार शोधावा लागला. तिसऱ्या जेवणाचे त्याने काही सांगितले नाही.

मार्चमध्ये त्याच्या संघाचा सामना पाहायला मी गॅलरीत बसलो होतो. शेवटच्या वीस मिनिटांत तो चालायला लागला. चेंडू जवळून जायचा आणि तो नुसता हात वर करून मागायचा. माझ्या शेजारी त्याचे काका बसले होते, बूट घेऊन देणारे तेच. ते मनापासून हळहळत होते. तोंडातला मावा एका गालातून दुसऱ्या गालात सारून ते मला म्हणाले, "सर, तुम्हीच जरा बघा की. पोरगं पळंनाच झालंय." मी त्यांना वहीचे सांगितले, ऑक्टोबरचा आकडा सांगितला, फेब्रुवारीचा सांगितला, आणि जेवण ठेवा पण डिकी हंगाम संपेपर्यंत उघडू नका, असेही शक्य तितक्या नरमाईने सांगितले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. "बरोबर हाय तुमचं," असे ते दोनदा म्हणाले. सामना त्यांच्या संघाने एका गोलने काढला. जिन्यावरून उतरताना गर्दीत त्यांनी माझा हात धरला आणि रविवारी मळ्यात जेवण आहे, तुम्ही यायलाच पाहिजे, असे सांगितले.