बटाटे आधी, क्राउट नंतर

दीड तास झाला तरी बटाटे शिजेनात. सुरी टोचली की आत करकर लागायचं. टेबलाशी आठ वर्षांचा मुलगा चमचा घेऊन बसलेला, बायको उशिराच्या पाळीवर, आणि पातेल्यात मी मोठ्या हौसेने मांडलेलं सावरक्राउटचं, म्हणजे मिठात आंबवलेल्या कोबीचं, सूप. क्राउट मऊ, गाजर बऱ्यापैकी, बटाटा मात्र दगड. शेवटी त्या रात्री आम्ही ब्रेड आणि चीज खाऊन झोपलो.

जर्मनीत स्टुटगार्टला येऊन तेव्हा चार महिने झाले होते. शहराच्या दक्षिणेला, विमानतळाच्या आजूबाजूला जो सपाट भाग आहे त्याला फिल्डर म्हणतात. तिथे टोकदार, शंकूसारखा कोबी पिकतो आणि सावरक्राउटसाठी तो नावाजलेला आहे. ऑक्टोबरात लाइनफेल्डेन-एश्टरडिंगेनला या कोबीची जत्रा भरते. त्यामुळे इथे राहायचं आणि क्राउटला टाळायचं, हे जमणारं नव्हतंच. शिवाय बरणी स्वस्त, महिनोन्‌महिने टिकते, चिरायची कटकट नाही. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असल्याने हा शेवटचा मुद्दा मला फार पटला होता.

सूप हा खरं तर तिसरा प्रयत्न. पहिल्यांदा बरणी उघडून नुसतं गरम केलं. इतकं आंबट की डोळे मिटले. दुसऱ्यांदा हुशारी केली: चाळणीत घालून नळाखाली दोनदा खळखळून धुतलं. आंबटपणा गेला, पण त्याच्याबरोबर सगळंच गेलं. ताटात उरला तो ओल्या दोऱ्यांचा गुंता. त्यावर मीठ घातलं, मिरी घातली, काही उपयोग नाही.

उकल झाली ती तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत. वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, सत्तरीच्या पुढच्या. जिन्यात सूपाचा वास त्यांना आला होता. काय केलं होतं, असं त्यांनी विचारलं आणि मी बटाट्याची हकीकत सांगितली. हातातला टॉवेल खाली ठेवून त्या हसल्या.

“अहो, आंबटात बटाटा शिजतो का कधी? आधी बटाटे शिजवा, मग क्राउट घाला.”

कारण मी नंतर वाचलं. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. साध्या उकळत्या पाण्यात ते हळूहळू सुटतं आणि बटाटा मऊ होतो. पाणी आंबट असलं की ते सुटायला तयार होत नाही. म्हणजे शेगडीचा दोष नाही, बटाट्याचाही नाही. मी दीड तास उकळत होतो, तीन तास उकळलं असतं तरी फारसं वेगळं घडलं नसतं.

धुण्याचं ऐकून मात्र आजींचा चेहरा पडला. “धुता कशाला? पिळा. आणि पिळलेलं पाणी फेकू नका, वाटीत ठेवा. कमी वाटलं तर परत घालता येतं.” माझ्या सगळ्या स्वयंपाकाला त्या एका वाटीने वळण लावलं. तोपर्यंत मी आंबटपणा घालवायच्या मागे होतो. आता तो हवा तेवढा मोजून घेता येऊ लागला.

मिठाचंही तसंच. सावरक्राउट म्हणजे बारीक चिरलेला कोबी आणि मीठ, बाकी काही नाही. एक किलो कोबीला साधारण 20 ग्रॅम मीठ चोळायचं, पाणी सुटलं की त्याच पाण्याखाली कोबी दाबून ठेवायचा. कोबीवर मुळातच असलेले जिवाणू काही आठवड्यांत त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. व्हिनेगर कुठेच नाही. तेव्हा बरणीतून बाहेर येतानाच ते खारट असतं, आणि मी सवयीने सुरुवातीलाच मीठ टाकत होतो. आता मीठ अगदी शेवटी, चव बघून. बहुतेक वेळा लागतच नाही.

आणखी एक घोळ क्राउटमुळे मार्गी लागला. आल्या-आल्या मी क्युमेल नावाचं पाकीट आणलं होतं, जिरं समजून. ते जिरं नव्हे. जिऱ्याला इथे क्रॉइत्सक्युमेल म्हणतात. नुसतं क्युमेल म्हणजे कॅरावे, आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचं, पण वास वेगळाच. ज्यात घालू ते बिघडायचं, म्हणून पाकीट फडताळात मागे गेलं होतं. आजींनी क्राउटमध्ये काय-काय घालायचं ते सांगितलं तेव्हा पहिलं नाव क्युमेलचं. पाकीट महिन्याभरात संपलं.

आता माझी नेहमीची पद्धत अशी. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं (अ‍ॅल्युमिनियमचं नको, आंबटाने धातूची चव उतरते). एक मोठा कांदा दोन चमचे लोण्यात मंद परतायचा, चांगला मऊ आणि सोनेरी होईपर्यंत. कांद्याची घाई करायची नाही, कारण एकदा क्राउट पडलं की तोही बटाट्यासारखाच हट्टाला पेटतो. मग अर्धा किलो पिळलेलं क्राउट काट्याने मोकळं करून घालायचं, अर्धा चमचा क्युमेल, एक तमालपत्र, जुनिपरची चार-पाच निळसर फळं चेचून, एक सफरचंद किसून, पेलाभर सफरचंदाचा रस किंवा भाज्यांचं पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. शेवटच्या दहा मिनिटांत एक छोटा कच्चा बटाटा बारीक किसून आत. इतका बारीक की शिजण्या-न शिजण्याचा प्रश्न येत नाही. त्याच्या पिठाने सुटं पाणी धरलं जातं आणि क्राउटला चकाकी येते.

लोणी कमी करून बघितलं, तब्येतीच्या नावाखाली. नका करू. आंबटाला स्निग्ध आणि थोडं गोड लागतंच. इथे त्याच्याबरोबर डुकराचं खारवलेलं मांस किंवा सॉसेज शिजवतात, त्यातली चरबी तेच काम करते. बायको मांस खात नाही, म्हणून मी लोणी आणि धुरी दिलेला तोफू वापरतो. धुराचा वास क्राउटवर फार छान बसतो.

घाईच्या दिवशी शुपफ्नूडल्न. बोटाएवढे, दोन्ही टोकांना निमुळते, बटाट्याच्या पिठाचे. फ्रीजच्या कप्प्यात तयार मिळतात. लोण्यात ते सगळीकडून खरपूस होऊ द्यायचे, मग कालचं उरलेलं क्राउट त्यात ढकलून पाच मिनिटं, हलवाहलव न करता, म्हणजे क्राउटलाही खाली थोडी खरपुडी धरते. पंधरा मिनिटांत जेवण. आमच्या घरी सगळ्यात जास्त वेळा होतं ते हेच.

मुलाला मात्र हे सगळं नामंजूर होतं. “बाबा, मोज्याचा वास येतोय.” मग मी अठराव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकची युक्ती केली. 1768 साली निघालेल्या त्याच्या एंडेव्हर जहाजावर स्कर्व्हीवर (‘क’ जीवनसत्त्व कमी पडून होणाऱ्या रोगावर) उपाय म्हणून सावरक्राउट भरलं होतं आणि खलाशी ते तोंडात घ्यायला तयार नव्हते. कुकने सक्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावलं. आठवड्याच्या आत इतकी मागणी वाढली की वाटा ठरवून द्यावा लागला. मीही मुलाच्या ताटात वाढणं बंद केलं आणि त्याच्यासमोर कढईतलं खरपूस खरवडून खायला लागलो. आमच्याकडे आठवडा नाही, तीन आठवडे लागले. पहिल्यांदा त्याने फक्त खरपुडी उचलली.

सूपाला परत हात लावायला मी दोन महिने घेतले. बटाटे आणि गाजर आधी साध्या पाण्यात पूर्ण शिजवले, सुरी घालून तीनदा खात्री केली. क्राउट वेगळं शिजवून मग त्यात सोडलं. वाटीतलं आंबट पाणी एकेक चमचा वाढवत गेलो. चार चमच्यांवर थांबलो. वरून आंबट सायीचा एक गोळा.

मुलाने वाडग्यातला बटाटा चमच्याने दाबून बघितला. दबला. मग खाल्ला.