तुमचं स्टेटस आम्हाला का दिसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बेळगावच्या शहापुरात माझं फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे आणि साडी न्यायला आलेली बाई पैसे देऊन झाले की हळूच विचारतेच, 'वहिनी, तुमचं स्टेटस आमाला दिसतच नाही, ब्लॉक केलाय काय वो?'

ब्लॉक नाही वो. ब्लॉक केलं असतं तर व्हॉट्सॲपवर तुमचा फोन, मेसेज काहीच आलं नसतं मला. व्हॉट्सॲपमध्ये स्टेटसपुरती एक सोय आहे, सगळ्या कॉन्टॅक्टना दाखवा पण अमक्यातमक्यांना सोडून, आणि ज्यांना सोडलंय त्यांना ते कळतही नाही. माझ्या फोनात निम्म्याहून जास्त नंबर गिऱ्हाइकांचे, ते सोडलेत. भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो बघून त्यांनी काय करायचं?

इथवर सोपं. घोळ होतो १ नोव्हेंबरला. १९५६ साली त्याच तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, म्हणून आम्हा मराठी लोकांकडे काळा दिवस, आणि बाहेर रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे, कर्नाटकाचा राज्योत्सव. वडील होते तोवर दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला जायचे, मला जमत नाही मग मी नुसतं काळं स्टेटस टाकते, आणि टाकायच्या आधी शेजारच्या अक्कांनाही सोडलेल्यांच्या लिस्टमध्ये टाकते. अक्का कन्नड. माझ्या बाळंतपणात सासूबाई गावाकडं अडकल्या होत्या तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसलेल्या ह्याच अक्का.

आता ह्यांना कुठं बसवायचं सांगा. ऑर्कुटवर (२०१४ ला बंद पडलं ते) मैत्रीच्या पायऱ्याच होत्या, न भेटलेला, ओळखीचा, मित्र, चांगला मित्र, एकदम जिवलग. फेसबुकवर क्लोज फ्रेंड्स आहेत, आणि रिस्ट्रिक्टेड आहे, म्हणजे फ्रेंड तर म्हणायचं पण दाखवायचं फक्त जे सगळ्या जगाला दिसतं तेवढंच, हे मला जाम आवडतं, काही नातेवाईक त्यातच आहेत. पण सगळीकडं धरून चाललेत की जवळचा माणूस सगळ्याच बाबतीत जवळचा. माझं तसं नाही. दवाखान्यातल्या अक्का १ नोव्हेंबरला लांबच्या होतात, आणि कोल्हापूरचा आतेभाऊ त्या दिवशी एकदम जवळचा, पण दुकानावरचं कर्ज त्याला कळलेलं मला चालणार नाही, ते अक्कांना पै न् पै माहीत आहे.

गेल्या वर्षी ह्याच आतेभावानं माझ्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला, तिथून फिरत फिरत तो दुपारपर्यंत अक्कांच्या सुनेच्या फोनवर. मी कितीही निवडून दाखवलं तरी बघणारा पुढं कुणाला दाखवतो ते माझ्या हातात नाही ना.

संध्याकाळी अक्का दारात. आत या म्हटलं तर येईनात.

'काळं टाकलीस ते टाकलीस. मला कशाला लपवलीस गं?'

मला काही सुचेना. पोस्टचा राग नव्हताच त्यांना. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, 'तुम्ही बरं अक्का, तुम्ही राज्योत्सवाचं कधी काही टाकत नाही.'

तर त्या हसायलाच लागल्या. कनवटीचा फोन काढून माझ्यापुढं धरला. सकाळचंच स्टेटस, भुवनेश्वरी देवी, मागं लाल-पिवळा झेंडा.

'टाकते की दरवर्षी. तुला सोडून.'