मान झटकायची राहून गेली

नवं हेल्मेट हातात आलं त्या दिवशी मी जॉबपेक्षा हेल्मेटकडेच जास्त बघत होतो. वेल्डिंग शिकायला लागून जेमतेम दीड महिना झाला होता आणि त्यातला बराचसा काळ्या काचेशी भांडण्यात गेला होता. जुन्या हेल्मेटमधून आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ठिणगी, पेटेपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. रॉडचं टोक सांध्यावर धरायचं, मान झटकून हेल्मेट तोंडावर पाडायचं आणि अंधारात रॉड घासायचा. त्या झटक्यात हात हलतो, टोक बोटभर सरकतं आणि टाका, म्हणजे जोडाचा छोटा ठिपका, भलतीकडेच बसतो. मिस्त्री म्हणायचे, "तू मान खाली घालतोस तेव्हा तुझा हातपण नमस्कार करतो."

नव्या हेल्मेटच्या आपोआप काळ्या होणाऱ्या काचेत ही भानगड नसते. एरवी ती शेड 4 वर असते (आकडा जितका मोठा तितकी काच काळी), हिरवट पण स्वच्छ दिसतं. आर्कचा उजेड कपाळावरच्या सेन्सरवर पडला की आतला लिक्विड क्रिस्टलचा पडदा फिरतो आणि काच काळी होते. माझ्या हेल्मेटच्या माहितीपत्रकात हा वेळ 1/25,000 सेकंद दिला होता. शेड 10 ला ती सात हजारातला साधारण एक भाग उजेड आत सोडते.

पहिल्यांदा घातलं तेव्हा सगळं धुक्यात दिसलं. मी निराश. मिस्त्रींनी हेल्मेट काढून घेतलं, नखाने काचेचा कोपरा खरवडला आणि वरची प्लास्टिकची पातळ फिल्म सोलून माझ्या हातात दिली. आतल्या बाजूलाही तशीच एक होती. मग त्यांनी एसीचा रिमोट मागवला. सेन्सरसमोर धरून बटण दाबलं तशी काच झपकन काळी झाली, सोडलं तशी उजळली. खिडकीतल्या उन्हाकडे धरली तरी काळी. मला वाटलं, झाली परीक्षा. ते म्हणाले, "सेन्सर जागा आहे एवढंच कळलं. बाकीचं आर्कसमोर."

आर्कसमोर मी पहिल्याच झटक्यात माती खाल्ली. हेल्मेटच्या आत ग्राइंडिंगचं एक बटण असतं. ते लावलं की काच काळी होतच नाही, नाहीतर ग्राइंडरच्या ठिणग्यांनी सारखी मिटत राहील. मी लोखंडी अँगलच्या कडा घासल्या, ग्राइंडर खाली ठेवला, होल्डर उचलला आणि बटण तसंच ठेवून रॉड टेकवला. समोर पांढरंफेक. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत एक जांभळा डाग नाचत होता.

मिस्त्री काही ओरडले नाहीत. "रात्री कळेल," एवढंच म्हणाले. आर्क लागली, म्हणजे तिचा उजेड डोळ्यांना बाधला, की डोळे लगेच दुखत नाहीत, सहा ते बारा तासांनी दुखतात. मी घाबरून माहितीपत्रक उघडलं. त्यात लिहिलं होतं की अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर वेगळा असतो, काच उजळ असो, काळी असो की बॅटरी संपलेली, तो आपलं काम करतच राहतो. वाचून बरं वाटलं, पण विश्वास बसला असं नाही.

दुपारी सहा चौकटींचा जॉब आला. प्रत्येकीला आठ टाके, म्हणजे 48. मी टाके मारायचे आणि हेल्परने काटकोनासाठी गुण्या लावून अँगल धरायचा. तो माझ्याहून लहान, माझ्याहून जुना. मी बटण दोनदा तपासलं, शेड 10 ठेवली, 2.5 मिमीचा रॉड, 80 अँपिअर. आणि काय सांगू, मजा आली! रॉडचं टोक सांध्यावर टेकेपर्यंत दिसत होतं. टाका जिथे हवा तिथेच. आर्क पेटल्यावर वितळलेलं लोखंड चकचकीत आणि त्याच्या मागून येणारा स्लॅग, म्हणजे वर साचणारी मळी, जरा मंद, असा फरक मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला. तोवर मी तो दिसतो असं नुसतं म्हणत होतो. एका कोपऱ्यात उभा अँगल सेन्सरच्या आड आला तेव्हा काच लपलप करायला लागली. मी जरा बाजूला सरकून बसलो आणि तीही थांबली.

तीन ते पाच, दोन तास हेल्मेट तोंडावरून वर केलंच नाही. करायची गरजच नव्हती, तीच तर त्याची सोय. चिपिंग हातोडीने स्लॅग उडवायचा तोही काचेतून बघत.

रात्री मी अंथरुणावर पडून वाळूची वाट बघत होतो. आर्क लागलेल्या माणसाला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं हे ऐकून माहीत होतं. दर थोड्या वेळाने पापण्या उघडझाप करून बघायचो. काही नाही. एकच्या सुमाराला फोन वाजला. हेल्परचा.

"दादा, डोळे उघडत नाहीयेत. पाणी थांबत नाहीये."

मी चप्पल घालून निघालो. तो अंधारात ओला रुमाल डोळ्यांवर धरून बसला होता. दिवा लावला तर कण्हला. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिवळा थेंब टाकून निळ्या उजेडात तपासलं आणि मलाही दाखवलं: बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बारीक हिरवे ठिपके, जणू कुणी सुईने टोचलंय. तपासताना बधिर करणारा थेंब टाकला तेव्हा त्याला रात्रीपासून पहिल्यांदा बरं वाटलं. तो थेंब घरी न्यायला मागितला, तर डॉक्टर म्हणाले, त्याने जखम भरायला उशीर होतो. मलम दिलं आणि दोन दिवस विश्रांती सांगितली.

माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. हा गडी दोन वर्षं मिस्त्रींचा जॉब धरतोय, गॉगलबिगल काही नाही, तरी त्याला कधी लागली नाही. मग काल कशी लागली?

मिस्त्रींनी मला उत्तर दिलं नाही. हेल्परच्या जागी स्वतः गुण्या धरून बसले, जुनं हेल्मेट चढवलं, काच पाडून ठेवली आणि म्हणाले, "मार टाका." मी मारला. "आता माझ्यासारखा मार." मला कळेना. मग त्यांनी जागा बदलली, रॉड सांध्यावर धरला आणि मान झटकली. हेल्मेट खाड्कन खाली आलं. मी न कळत तोंड फिरवलं होतं.

तेव्हा लख्ख समजलं. तो पोरगा दोन वर्षं त्या झटक्याकडे बघत होता. मिस्त्रींची मान गेली की त्याची मान वळायची, कुणी शिकवलेलं नाही, बोलून ठरवलेलं नाही. माझं हेल्मेट दोन तास खालीच होतं. आर्क कधी पेटणार हे त्याला पेटल्यावरच कळत होतं, 48 वेळा. मला जी मान झटकायची कटकट वाटत होती, ती त्याच्यासाठी घंटा होती आणि ती मीच काढून टाकली होती. अर्थात दोन वर्षं नुसत्या मान वळवण्यावर भागवणं हेही चुकलंच, आणि ते मिस्त्रींनाही ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेले जाड पडदे काढून जॉबभोवती लावले.

तिसऱ्या दिवशी हेल्पर आला. डोळे अजून लालसर. मी काही बोलायच्या आत त्याने माझं जुनं काळ्या काचेचं हेल्मेट खुंटीवरून उचललं, पट्टा आवळला आणि अँगलला गुण्या लावून बसला. मी रॉड सांध्यावर धरला.

"डोळे!"

त्याने मान झटकली, काच खाली पडली. आतून आवाज आला, "ओरडू नका दादा, ऐकू येतंय."

मग मी रॉड टेकवला.