डीला, गोल्डन गेट की बर्कली? बे एरियातल्या डिस्क गोल्फ कोर्सेसचा फेरफटका

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या आसपास, सर्वांत चांगला डिस्क गोल्फ कोर्स कोणता, यावर आमच्या गटात आजवर एकमत झालेलं नाही. आमचा नागपूरकर मित्र गोल्डन गेट पार्कच्या बाजूचा. त्याच्या बायकोला बर्कलीचं अ‍ॅक्वाटिक पार्क आवडतं. मी सांताक्रूझच्या डीलाव्हेगाची, म्हणजे इथल्या खेळाडूंच्या तोंडी असलेल्या 'डीला'ची. पुण्याहून मामेभाऊ आला तेव्हा शनिवार-रविवार गाठून तिन्ही कोर्स एकापाठोपाठ खेळून टाकले. तो पहिल्यांदाच खेळत होता, त्यामुळे नवख्याला कुठे काय जड जातं तेही नीट दिसलं.

खेळ ठाऊक नसेल तर थोडक्यात: चेंडूऐवजी चकती, आणि भोकाऐवजी खांबाला लोंबणाऱ्या साखळ्या नि त्यांच्याखाली लोखंडी बास्केट. टी-पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फेकायचं, चकती पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. टी-पॅडपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. तिन्ही कोर्स सार्वजनिक जागेत आहेत, खेळायला पैसे पडत नाहीत.

शनिवारी सकाळी गोल्डन गेट. फुल्टन स्ट्रीटच्या बाजूने मार्क्स मेडोपाशी आत शिरलं की १८ होल्सचा कोर्स सुरू होतो. उन्हाळा होता, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत धुकं आलंच. सायप्रसच्या फांद्यांवरून पाणी टपकत होतं आणि चकत्या हातातून निसटत होत्या. इथे पिशवीत एक सोडून दोन टॉवेल ठेवा आणि प्रत्येक फेकीआधी चकतीची कड पुसा. होल्स लांब नाहीत, पण झाडं अशी उभी आहेत की सरळ फेकता आलं नाही तर ताकदीचा काही उपयोग नाही. भावाची चकती पहिल्याच होलवर बुंध्यावर आपटून मागे आली. मित्राने लगेच संधी साधली, "पाहून घे भाऊ, इथं हाताचा जोर नाही, डोकं लागते." त्याचं म्हणणं खोटं नाही. नेमकेपणा शिकायचा असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. फक्त गाडीत दिसेल असं काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको. या शहरात काच फुटायला तेवढं पुरतं.

दुपारी पूल ओलांडून बर्कलीला. अ‍ॅक्वाटिक पार्क म्हणजे महामार्गाला लागून असलेल्या तळ्याकाठची लांबट, सपाट पट्टी. चढ नाही, चालायला सोपं, लहान मुलांना घेऊन जाता येतं. वहिनींना हा कोर्स का आवडतो ते इथे आलं की कळतं. पण नवख्यासाठी तो दिसतो तितका सोपा नाही. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली चकती वेग कमी झाला की डावीकडे वळते. डावीकडे तळं असेल तर उजवीकडची मोकळी जागा धरूनच फेकायला हवं. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो आणि समोरून वारा आला की चकती उलटून भलतीकडेच जाते. म्हणून इथे सकाळीच जा. चालणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे सतत मध्ये येतात. रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत थांबणं आणि चकती कुणाच्या दिशेने गेलीच तर 'फोर' म्हणून ओरडणं, यात हयगय नको. ही चकती डोक्याला लागली तर खोक पडू शकते.

सॅन होजेचं हेलियर पार्क आमच्या घरापासून सर्वांत जवळ, पण ते मी यादीत धरत नाही. सरावाला छान आहे, एवढंच. काउंटी पार्क असल्याने गाडीचं शुल्क द्यावं लागतं. नोव्हाटोच्या स्टॅफर्ड लेकचं नाव मारिनकडचे लोक हटकून घेतात. उघड्या टेकडीवरचा तो कोर्स मलाही आवडतो, मात्र उन्हाळ्यात तिथली दुपार टाळा.

रविवारी डीला. लॉस गॅटोसनंतर हायवे १७ म्हणजे आपला घाटच, वळणं अरुंद आणि गाड्या सुसाट. उन्हाळ्यात बीचला जाणाऱ्यांची रांग सकाळीच लागते, म्हणून आठच्या आत घाट उतरलेला बरा. वाटेत भावाला एड हेडरिकची गोष्ट सांगितली. फ्रिस्बीला आजचं रूप देणारा हा वॅम-ओ कंपनीतला माणूस. १९७५ साली त्याने लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, १९७६ साली या खेळाची व्यावसायिक संघटना, पीडीजीए, स्थापन केली, आणि साखळ्यांच्या बास्केटचं पेटंटही त्याचंच. आयुष्याच्या अखेरीस तो सांताक्रूझजवळच्या ला सेल्व्हा बीचला राहत होता. २००२ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली गेली. भाऊ बराच वेळ गप्प होता.

डीला १९८४ पासून आहे. गोल्फ क्लबच्या पुढे, अप्पर पार्क रोडवर गाडी लावायची आणि ओकच्या रानात शिरायचं. बहुतेक जण डीलाची तारीफ करतात ती २७व्या होलसाठी. 'टॉप ऑफ द वर्ल्ड' त्याचं नाव. टेकडीच्या माथ्यावरचा टी, खाली साधारण साडेपाचशे फुटांवर बास्केट, पलीकडे मॉन्टेरेची खाडी. चकती हातातून सुटल्यावर कितीतरी वेळ हवेतच राहते. सुंदर आहे, यात शंका नाही. पण केवळ या एका होलवरून डीलाला पहिला नंबर देणं मला पटत नाही. देखावा काय, बसमधून उतरूनही बघता येतो.

डीलाचं खरं मोठेपण आधीच्या होल्समध्ये आहे. बास्केट उतारावर, घळीच्या काठावर, मुळांच्या उंचवट्यावर ठेवलेल्या. जमीन घट्ट आणि वर ओकची वाळकी पानं. वीस फुटांवरून पट् (बास्केटमध्ये टाकण्याची जवळची फेक) चुकला की चकती कडेवर उभी राहते आणि गडगडत साठ फूट खाली जाते. म्हणजे प्रत्येक पट्‌च्या आधी ठरवावं लागतं: आत टाकायला जायचं, की बास्केटखाली अलगद ठेवून एक फेक जास्त घ्यायची? गोल्डन गेटला कसोटी लागते ती पहिल्या फेकीची. इथे कसोटी शेवटपर्यंत संपत नाही. मित्राने एका होलवर धाडस केलं आणि त्याची चकती घळीत गेली. ती आणायला उतरताना मात्र तो गोल्डन गेटबद्दल काही बोलला नाही.

जाणाऱ्यांनी मऊ प्लॅस्टिकचा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची चकती, न्यावा, तो जमिनीला धरून राहतो. चकती मंद आणि थोडी वरून टाका. तिरपी, जोरात मारू नका. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत, कारण स्वयंसेवकांनी बांधलेल्या पायऱ्या खूप आहेत आणि गुडघे बोलायला लागतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी न्या. सगळे होल्स खेळायचे तर तीन-चार तास धरा.

आणि पॉयझन ओक. तीन-तीन पानांचं हे झुडूप डीलाच्या रानात सगळीकडे आहे, उन्हाळ्याच्या शेवटी लाल होतं. त्याचं तेल कातडीला लागलं की दोन-तीन दिवसांनी फोड येतात आणि खाज आठवडाभर छळते. पूर्ण लांबीची पँट घाला, झुडपात हात घालण्याआधी पानं बघा, आणि झुडपातून काढलेल्या चकतीलाही तेल असतं हे लक्षात ठेवा. घरी पोचल्यावर साबणाने हात-पाय, चकत्या, बुटांच्या नाड्या, सगळं धुवा. गोचिडीही तपासा.

नवख्यांसाठी तीन चकत्या पुरे: एक पटर, एक मिडरेंज (मध्यम अंतराची), एक मंद ड्रायव्हर (लांब फेकीची). चकतीवर छापलेल्या आकड्यांतला पहिला वेगाचा असतो. तो ७च्या वर असलेली चकती पहिल्या वर्षी घेऊ नका. भावाने हट्टाने १२ वेगाची चकती वापरून पाहिली. तिला पुरेसा वेग न मिळाल्याने ती दर वेळी झटकन डावीकडे पडली. शेवटी मिडरेंजनेच त्याची सर्वांत लांब फेक झाली. प्रत्येक चकतीच्या मागे नाव आणि फोन नंबर लिहा. इथे सापडलेली चकती फोन करून परत देण्याची पद्धत आहे आणि आम्हाला त्याचा फायदा झाला आहे.

माझा क्रम: डीला, मग गोल्डन गेट, मग बर्कली. मित्राचा क्रम उलटा नाही, पण पहिल्या दोघांची अदलाबदल तो सोडत नाही. पाहुण्यांकडे एकच दिवस असेल आणि त्यांनी कधी खेळलेलं नसेल तर त्यांना गोल्डन गेटला न्या, तिथे डीलाइतक्या पायऱ्या नाहीत आणि चकत्या सहसा हरवत नाहीत. थोडं खेळलेले असतील तर सरळ डीला. परतताना हायवे १७ वर रविवारी दुपारी तीन ते सात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तेवढा वेळ सांताक्रूझलाच जेवा आणि अंधार पडल्यावर निघा.